भरतवाक्य आणि अखंड वार्ता

१

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांची चर्चा पुष्कळ होते. दोन कार्यक्रमांमधील सांध्याची चर्चा मात्र क्वचितच होते. सांधा हा तंत्रज्ञांचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न आहे, रसिकाने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, अशी एक रूढ समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कादंबरीतील प्रकरण कोठे थांबते, कवितेच्या कडव्यानंतर किती कोरी जागा राहते, नाटकाचा पडदा कोणत्या वाक्यावर पडतो, या गोष्टींना साहित्यविचारात महत्त्वाचे स्थान आहे. विराम हा आशयाच्या बाहेरचा नसतो. किंबहुना आशयाला घाट येतो तो विरामामुळेच. मग ज्या माध्यमाशी आज कोट्यवधी माणसांचा दिवसाचा शेवटचा संबंध येतो, त्या माध्यमाचा दिवस कसा संपतो, हा प्रश्न समीक्षेने गौण का मानावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ब्रिटनचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. तेथे दिवसाची समाप्ती करण्याची एक निश्चित रीत दीर्घकाळ होती; ती कोणत्या रात्री संपली हे सांगता येते; आणि तिच्या जागी काय आले तेही स्पष्ट आहे. १९९७ सालच्या ९ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाच वाजता बी.बी.सी.ची ‘न्यूज २४’ ही चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी सुरू झाली. तिच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘बी.बी.सी. वन’ ही त्या संस्थेची प्रमुख वाहिनी रोज रात्री रीतसर बंद होत असे. निवेदक शुभरात्री म्हणे, राष्ट्रगीत वाजे आणि प्रक्षेपण थांबे. ९ नोव्हेंबरपासून हे थांबणे थांबले. त्या दिवसापासून बी.बी.सी. वन रात्री बंद होत नाही. ती आपला पडदा वार्तावाहिनीच्या हवाली करते आणि सकाळच्या सहाच्या सुमारास तो परत घेते. जेथे समाप्ती होती तेथे हस्तांतर आले. हा बदल केवळ व्यवस्थेचा आहे की आविष्काराच्या स्वरूपाचा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

जुन्या समाप्तीचे घटक साधे होते. शेवटचा कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर पृथ्वीच्या गोलाचे बोधचिन्ह येई. हा गोल १९६३ पासून वेगवेगळ्या रूपांत बी.बी.सी. वनचे चिन्ह होता. त्यावर निवेदकाचा आवाज ऐकू येई. हवामानाविषयी, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांविषयी दोन शब्द बोलून तो प्रेक्षकांचा निरोप घेई. मग राष्ट्रगीत, त्यानंतर काही क्षणांची शांतता, आणि अखेरीस, झोपी गेलेल्या प्रेक्षकासाठी, संच बंद करण्याची आठवण. यात कोणताही कलात्मक हेतू असल्याचा दावा त्या संस्थेने केला नाही. तरीही या घटकांच्या क्रमाकडे पाहिले असता त्याला एक घाट आहे हे लक्षात येते. दिवसभर ज्या आवाजाने अनेक भूमिका वठवल्या, तो शेवटी भूमिका उतरवून ठेवतो आणि ‘आता मीही जातो’ असे म्हणतो.

भारतीय वाचकाला या घाटाची ओळख नवीन वाटणार नाही. संस्कृत नाटकाच्या अखेरीस येणारे भरतवाक्य नेमके हेच कार्य करते. नाटकातील पात्राच्या मुखातून आलेले असले तरी ते त्या पात्राचे वाक्य नव्हे. ते भरताचे, म्हणजे नटाचे वाक्य होय. कथेचे बंधन सुटल्यावर नट प्रेक्षकांसमोर नट म्हणून उभा राहतो आणि राजाचे व प्रजेचे कल्याण इच्छितो. ब्रिटिश राष्ट्रगीत ही आशयाच्या दृष्टीने राजाच्या किंवा राणीच्या दीर्घायुष्याची व राज्याची प्रार्थना आहे. तेव्हा त्या समाप्तीला भरतवाक्य म्हणणे ही दूरान्वयाने केलेली उपमा नव्हे; दोन दूरच्या परंपरांनी एकाच गरजेला दिलेले ते जवळजवळ सारखे उत्तर आहे. मैफलीच्या शेवटी भैरवी गायली जाते, कीर्तनाच्या अखेरीस मागणे मागितले जाते, तेव्हाही हीच गरज भागवली जात असते. भैरवी सुरू झाली की श्रोता नकळत सावरून बसतो. आता यापुढे काही नाही, या जाणिवेने तो झाले ते सारे एकत्र पाहू लागतो. समाप्तीचे खरे कार्य हेच. ती मागील अनुभवाला एकसंध करते आणि प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या हवाली करते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नाटकाला भरतवाक्य असते, कारण नाटक ही एका प्रतिभेची निर्मिती असते. दूरचित्रवाणीचा दिवस असा एका हाताने घडवलेला नसतो. हवामान, खेळ, विनोदी प्रहसन, संसदेचा वृत्तान्त, जुना चित्रपट अशा विजातीय वस्तूंची ती रास असते. मग या राशीला एकसंधता कोठून येणार? ती आतून येत नाही, हे खरे. म्हणूनच ती शेवटातून येत असे. विस्कळित वस्तूंना ‘आजचा दिवस’ हे नाव मिळे ते त्या दिवसाला कोणीतरी मिटवीत असे म्हणून. चौकट नसलेल्या भिंतीवरील रंगांचे डाग आणि चौकटीतील चित्र यांत जो फरक आहे, तो येथे होता.

३

यावर एक पूर्वपक्ष उभा राहतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. समाप्तीची ती रीत कोणी सौंदर्यदृष्टीने निर्माण केली नव्हती. ती टंचाईतून आली होती, असे म्हणता येईल. ब्रिटनमध्ये किती तास प्रक्षेपण करावे हे १९७२ च्या प्रारंभापर्यंत सरकार ठरवीत असे. १९५७ पर्यंत संध्याकाळी सहा ते सात हा तासही रिकामा ठेवावा लागे, म्हणजे मुलांना निजवणे आईबापांना सोपे जाई. डिसेंबर १९७३ मध्ये इंधनटंचाईमुळे वाहिन्यांना काही आठवडे रात्री साडेदहालाच प्रक्षेपण थांबवावे लागले. अशा स्थितीत रात्रीचा विराम हा खर्चाचा, विजेचा आणि शासकीय नियमांचा परिणाम होता. त्यात भरतवाक्य पाहणे म्हणजे दारिद्र्याला वैराग्य म्हणण्यासारखे नव्हे काय?

शिवाय, त्या समाप्तीत एक वडीलकीचा सूर होता. राज्यसंस्था, राजगीत, आणि ‘आता निजा’ असे सांगणारा एक सभ्य आवाज! ज्यांना निजणे शक्य नव्हते त्यांचे काय? रुग्णालयातील परिचारिका, रात्रपाळीचा कामगार, आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस, तान्ह्या मुलाला घेऊन येरझारा घालणारी आई, ज्याला झोपच येत नाही असा वृद्ध, या सर्वांना ती समाप्ती एवढेच सांगत होती की जागे राहणाऱ्यांसाठी आमच्याजवळ काही नाही. हस्तांतराने त्यांच्या घरात निदान एक माणसाचा आवाज तरी आणला.

या पूर्वपक्षातील दुसरा मुद्दा मान्यच केला पाहिजे, आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. पहिला मुद्दा मात्र साहित्याच्या अभ्यासकाला पटण्याजोगा नाही. रूपाचा उगम आणि रूपाचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी होत. लावणीचा ठेका नाचणाऱ्या पावलांच्या सोयीतून आला असेल, वृत्तपत्रातील स्फुटाची लांबी स्तंभाच्या मापावरून ठरली असेल. त्यामुळे त्या ठेक्याचे वा त्या लांबीचे कलामूल्य नाहीसे होत नाही. कलेतील बहुतेक रूपबंध गरजेतूनच जन्मतात. गरज संपल्यावर ते रूप टिकवावे की टाकावे, हा प्रश्न निर्माण होतो, आणि त्याचे उत्तर त्या रूपाने जे कार्य केले त्यावरून द्यावयाचे असते.

४

समाप्तीच्या जागी जे आले त्याचे स्वरूप आता पाहिले पाहिजे. केंब्रिजचे वाङ्मयसमीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दूरचित्रवाणीविषयक ग्रंथात ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. सुट्या कार्यक्रमांची क्रमवार मांडणी हे या माध्यमाचे वरवरचे रूप असून, एकात एक मिसळत जाणारा अखंड ओघ हे त्याचे खरे रूप आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेतील मायामी शहरात एका रात्री चित्रपट पाहत असताना जाहिराती आणि पुढील चित्रपटांची दृश्ये त्यात मिसळत गेली, आणि त्या अनुभवातून ही कल्पना त्यांना सुचली. ते लिहीत होते तेव्हा ब्रिटनमध्ये प्रवाहाला रोजच्या रात्रीचा बांध होता. तो १९९७ मध्ये फुटला.

परंतु अखंड वार्तेच्या बाबतीत ‘प्रवाह’ हा शब्दही पुरेसा नेमका नाही. प्रवाह पुढे जातो. अखंड वार्ता पुष्कळदा जागच्या जागी फिरते. १९८० मध्ये सुरू झालेल्या सी.एन.एन.ने १९८२ च्या प्रारंभी जी दुसरी वाहिनी काढली, ती पुढे ‘हेडलाइन न्यूज’ या नावाने ओळखली गेली. तिची रचना अर्ध्या तासाच्या चक्राची होती. दर अर्ध्या तासाने ठळक बातम्या, मग व्यापार, क्रीडा, हवामान आणि पुन्हा ठळक बातम्या. अमेरिकेतील अनेक स्थानिक केंद्रे आपली रात्र या चक्राच्या हवाली करीत. चक्राला आरंभ नसतो. प्रेक्षक ज्या क्षणी येईल तो आरंभ, आणि ज्या क्षणी कंटाळेल तो शेवट. म्हणजे शेवट आहे, पण तो रचनेचा नव्हे, प्रेक्षकाच्या थकव्याचा आहे. जुनी समाप्ती प्रेक्षकाला उठवीत असे; चक्र त्याला गळून पडू देते.

बातमी या वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? ‘वाङ्मयप्रकार’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. बातमीला तिचा स्वतःचा घाट आहे, आणि त्या घाटाचा प्राण नवेपण हा आहे. काही घडले, म्हणून सांगितले, असा घटना आणि कथन यांचा कार्यकारणसंबंध बातमीत गृहीत असतो. १९३० सालच्या १८ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, बी.बी.सी.च्या नभोवाणीवरील निवेदकाने, आज काही बातमी नाही, असे जाहीर केले. आणि उरलेल्या वेळात पियानोवादन ऐकवले गेले. या प्रसंगाची आज थट्टा होते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. त्या दिवशी जगात काहीच घडले नसेल हे संभवत नाही. तरी त्या एका वाक्यात बातमीविषयीची जी निष्ठा व्यक्त झाली तिचे मोल कमी नाही. सांगण्याजोगे असेल तर सांगू, नसेल तर गप्प राहू, ही ती निष्ठा. अखंड वार्तावाहिनीला हे वाक्य उच्चारण्याचा अधिकारच नाही. तिची वेळ आधी ठरलेली आहे. घटना नंतर शोधावयाची आहे. कथनासाठी घटना, असा कार्यकारणसंबंधाचा विपर्यास तेथे होतो.

या विपर्यासाचे सर्वांत बोलके रूप हस्तांतराच्या कृतीतच दिसते. प्रमुख वाहिनीने आपला चालू कार्यक्रम बाजूला ठेवून पडदा बातम्यांना द्यावा, या कृतीला पूर्वी एक निश्चित अर्थ होता. १९९७ सालच्या ३१ ऑगस्टला, राजकन्या डायाना यांच्या मोटारीला पॅरिसमध्ये अपघात झाला त्या रात्री, बी.बी.सी. वनवरील चित्रपट मध्येच थांबवून बातमी दिली गेली, आणि पुढे त्या वाहिनीने संस्थेच्या परदेशासाठी असलेल्या ‘बी.बी.सी. वर्ल्ड’ या वाहिनीचे वार्ताप्रसारण आपल्या पडद्यावर घेतले. त्या रात्री हस्तांतर म्हणजे अरिष्टाची खूण होती. अवेळी वाजलेली घंटा जशी गावाला काही सांगते, तसे त्या कृतीनेच बातमीच्या आधी बातमी सांगितली. त्यानंतर बरोबर ७० दिवसांनी तीच कृती नित्याची झाली. २०२२ सालच्या ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांच्या प्रकृतीविषयीची चिंताजनक वार्ता येताच बी.बी.सी. वनने भरदिवसा आपले कार्यक्रम स्थगित केले, तेव्हा त्या कृतीला तिचा मूळचा अर्थ पुन्हा प्राप्त झाला; कारण ती दिवसा घडली. रात्री मात्र ती रोज घडते, आणि रोज घडते म्हणून काहीच सांगत नाही. जी मुद्रा अरिष्टासाठी राखून ठेवलेली होती ती भरतीसाठी वापरली जाऊ लागली. भाषेत अतिशयोक्तीच्या सततच्या वापराने जसा शब्दांचा क्षय होतो, तसा हा मुद्रेचा क्षय होय.

याचा अर्थ रात्री बातम्या नसाव्यात असा नव्हे. पृथ्वीचा अर्धा भाग नेहमी जागा असतो. २०११ च्या ११ मार्चला जपानमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला तेव्हा लंडनच्या घड्याळात पहाटेचे पावणेसहा वाजले होते. अशा वेळी वार्तावाहिनीच्या हवाली केलेला पडदा हा खराखुरा जागता पडदा ठरतो. महाराष्ट्रातील जुन्या गावगाड्यात जागल्या असे. रात्री फिरून हाळी देणे हे त्याचे काम. त्या हाळीचा अर्थ दोन हाळ्यांमधील शांततेवर अवलंबून होता. जागल्या रात्रभर अखंड ओरडत राहिला असता, तर चोर आला हे गावाला कळले कसे असते?

५

हस्तांतराचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अनुवादाचा विचार करणाऱ्याला विशेष जाणवतो. तो संबोधनाविषयीचा आहे.

समाप्तीच्या वेळी बोलणारा निवेदक ज्यांच्याशी बोलत असे ते त्याच्याच वेळेत, त्याच्याच हवेत, त्याच्याच रात्रीत असत. बाहेर पाऊस असला तर तो दोघांच्याही खिडकीवर पडत असे. निरोप घेता येतो तो अशाच माणसाचा. वार्तावाहिनीचा निवेदक मात्र जगभरच्या प्रेक्षकांना उद्देशून बोलतो. २०२३ सालच्या ३ एप्रिलला बी.बी.सी.ने देशातील वार्तावाहिनी आणि परदेशासाठी असलेली वार्तावाहिनी एकत्र केल्या. या एकत्रीकरणामागे काटकसरीचा हेतू होता. मध्यरात्रीनंतर बी.बी.सी. वनच्या पडद्यावर येणाऱ्या वार्तापत्रांपैकी काही सिंगापूरहून सादर केली जातात. हिवाळ्यात लंडनमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो तेव्हा सिंगापूरमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे निवेदकाचा चेहरा सकाळचा, आवाज सकाळचा, उत्साह सकाळचा. आणि पाहणारा मात्र रात्रीत. आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहिनीने अनेक वर्षे आपली रात्र ‘युरोन्यूज’ या वाहिनीला दिली होती. तेथे तर आवाज कोणत्या देशातून येतो हेही प्रेक्षकाला जाणवू नये अशीच रचना होती.

इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच सर्वनाम आहे. त्यामुळे इंग्रजी भाषकाला या बदलातील सूक्ष्म भेद चटकन दिसत नाही. मराठीत तो लपून राहत नाही. समाप्तीच्या निवेदनाचे भाषांतर करावयाचे झाल्यास ‘आपण’ हे सर्वनाम अपरिहार्य ठरेल: आपला दिवस संपला, आपण उद्या भेटू. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्या ‘आपण’मध्ये सामावलेले आहेत. अखंड वार्तेच्या भाषांतरात मात्र ‘आम्ही’ लिहावे लागेल: आम्ही तुमच्यासाठी जागे आहोत, आम्ही या घडामोडींवर लक्ष ठेवून आहोत. येथे ऐकणारा बाहेर राहतो. तो सेवेचा विषय आहे, सहभागी नाही. व्याकरणातील हा लहानसा भेद अनुभवातील मोठ्या भेदाचा निदर्शक आहे. रात्री एकटा जागणाऱ्या माणसाला सोबत मिळते, हे पूर्वपक्षाचे म्हणणे मान्य केले होते. ती सोबत मिळते, यात शंका नाही. पण ती रेल्वेस्थानकावरील गर्दीची सोबत आहे. गर्दीतही एकटेपणा थोडा कमी होतो. मात्र गर्दी कोणाला ओळखत नाही आणि कोणाचा निरोप घेत नाही.

६

तेव्हा समाप्ती हवी असेल तर अखंडता सोडली पाहिजे आणि अखंडता हवी असेल तर समाप्ती सोडली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा त्याच संस्थेत, दूरचित्रवाणीहून जुन्या अशा माध्यमात, अजून रोज रात्री मिळतो.

बी.बी.सी.च्या ‘रेडिओ ४’ या नभोवाणीवरही रात्री एक वाजता हस्तांतरच होते. ते केंद्र आपली लहरी ‘वर्ल्ड सर्व्हिस’च्या स्वाधीन करते. म्हणजे येथेही अखंडता आहे, येथेही पुढचा आवाज जगाला उद्देशून बोलणारा आहे. पण त्याआधी काय घडते ते पाहण्याजोगे आहे. पाऊण वाजण्याच्या सुमारास रोनाल्ड बिंज या संगीतकाराची ‘सेलिंग बाय’ ही मंद झुलती धून वाजते. बारा वाजून ४८ मिनिटांनी नाविकांसाठी सागरी हवामानाचा अंदाज वाचला जातो. ब्रिटिश बेटांभोवतालच्या ३१ सागरी विभागांची नावे ठरलेल्या क्रमाने येतात, आणि प्रत्येकाबरोबर वाऱ्याची दिशा, त्याचा वेग, पाऊस आणि दृश्यमानता ही ठरलेल्या शब्दांत सांगितली जातात. मग निवेदक निरोप घेतो, राष्ट्रगीत वाजते, १९२४ पासून चालत आलेले ग्रिनिचच्या वेळेचे ठोके पडतात, आणि हस्तांतर होते.

या रचनेचे विश्लेषण उद्बोधक आहे. धून ही मुळात भरतीची आहे. अंदाज नेमक्या मिनिटाला सुरू व्हावा म्हणून आधीचा वेळ भरून काढण्यासाठी, आणि अंधारात केंद्र शोधणाऱ्या नाविकाला खूण पटावी म्हणून ती वाजवली जाते. तरी तिच्यात रात्रीचा स्वर आहे. हवामानाचा अंदाज ही शुद्ध माहिती आहे. त्यात एकही अलंकार नाही. पण ती माहिती विशिष्ट माणसासाठी, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट गरजेपोटी दिलेली आहे. अंथरुणात पडून ऐकणाऱ्या, कधीही समुद्रावर न गेलेल्या श्रोत्यालाही ती स्पर्श करते, कारण बाहेर काळोखात कोणीतरी आहे आणि त्याच्यासाठी हे वाचले जात आहे, ही जाणीव तिच्यात आहे. अखंड वार्तेत जगातील सर्व दुःखे येतात आणि ती कोणालाच उद्देशून नसतात; येथे वाऱ्याची दिशा सांगितली जाते आणि ती कोणाला तरी उद्देशून असते. अनुभवाची उत्कटता विषयाच्या मोठेपणावर अवलंबून नसते, या समीक्षेतील जुन्या सिद्धान्ताचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आणि हे सारे झाल्यावरच हस्तांतर होते. आधी निरोप, मग सोपवणे. संसारातही शहाणी माणसे असेच करतात. किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्याआधी दिवा मालवतात, देवापुढे हात जोडतात. बी.बी.सी. वनच्या हस्तांतरात निवेदकाचे दोन शब्द असतात. पण ते पुढील वस्तूकडे निर्देश करणारे असतात, मागील दिवसाला मिटवणारे नसतात. दोष अखंडतेचा नाही. अखंडता आली म्हणून समाप्तीची आवश्यकता संपली, या समजुतीचा तो दोष आहे.

७

हा प्रश्न ब्रिटनपुरता मर्यादित नाही. भारतात दूरदर्शनचे प्रक्षेपण १९५९ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. मुंबई केंद्र १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. त्या काळात प्रसारणाला संध्याकाळ होती आणि रात्रही होती. २००३ सालच्या ३ नोव्हेंबरला दूरदर्शनची चोवीस तासांची वार्तावाहिनी आली. मराठीत २००७ मध्ये अखंड वार्तावाहिन्यांचे युग सुरू झाले, आणि त्यांपैकी एकीने तर ‘झी २४ तास’ असे कालमापनच आपल्या नावात घेतले. हे नाव विचार करण्याजोगे आहे. आपल्या परंपरेत दिवसरात्र मिळून आठ प्रहर. आणि प्रत्येक प्रहराला स्वतःचे व्यक्तित्व. कोणता राग केव्हा गावा हे प्रहर सांगतो. ‘चोवीस तास’ या कल्पनेत मात्र सर्व तास सारखे आहेत. रात्रीचे तीन आणि दुपारचे तीन यांत फक्त उजेडाचा फरक आहे. काळाचे हे सपाटीकरण हेच अखंड वार्तेचे खरे लक्षण होय. हस्तांतर हे त्याचे केवळ सर्वांत दृश्य रूप आहे.

गेलेली समाप्ती जशीच्या तशी परत आणावी, राष्ट्रगीत वाजवून पडदे काळे करावेत, असे सुचवणे हा भाबडेपणा ठरेल. जी रात्र जागी झाली ती पुन्हा निजणार नाही. आणि तिच्यात जागणाऱ्यांचा हक्क नाकारणे योग्यही नाही. प्रसारसंस्थांना त्या रात्रीचे दुसरे उपयोगही सुचले होते: बी.बी.सी.च्या दुसऱ्या वाहिनीने १९९५ पासून वीस वर्षे आपल्या रात्री ‘लर्निंग झोन’ या नावाने शिक्षणाला दिल्या होत्या. तेव्हा रात्र भरावी की नाही, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. ती कशाने भरावी, आणि भरण्यापूर्वी दिवस संपल्याचे मान्य करावे की नाही, हा खरा वाद आहे.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक निकष हाती येतो. कोणत्याही सलग आविष्काराची, मग तो मालिकेचा असो, वृत्तपत्राच्या अहोरात्र बदलणाऱ्या पृष्ठांचा असो वा वार्तावाहिनीचा असो, परीक्षा करताना त्याची सलगता किती निर्दोष आहे एवढेच पाहून चालणार नाही. त्या सलगतेत थांबण्याची शक्ती किती उरली आहे हे पाहावे लागेल. ज्याला ‘आज काही नाही’ असे म्हणता येते, त्याच्या ‘आज काही आहे’ या म्हणण्याला वजन येते. ज्याला निरोप घेता येतो, त्याच्याच पुन्हा येण्याला स्वागत म्हणता येते. रेडिओ ४ वर दर रात्री घडणारी ती पंधरा मिनिटे हेच सिद्ध करतात की, ही शक्ती यंत्राने वा काळाने हिरावून घेतलेली नाही. ती वापरावयाची की नाही, हे प्रसारण करणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. आणि तिचा अभाव जाणवून देणे हे समीक्षेचे काम आहे.